शंकरपाळ्याचा कर्ण

पाताळ मी पहिल्यांदा पाहिलं ते इंग्लंडमधल्या एका रस्त्याच्या फाइलमध्ये. नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑफिस पुण्यात, कामं मात्र तिकडची. तिकडच्यांनी रात्री टाकून ठेवलेल्या फाइली आम्ही सकाळी चहा घेऊन उघडायचो. त्या दिवशी जमिनीचं एक मॉडेल मी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आणलं आणि पडद्यावर जमिनीऐवजी नुसती एक आडवी रेघ उमटली. रेघेच्या मधोमध एक सुई, सरळ खाली गेलेली. झूम करत करत सुईच्या टोकाशी पोचले, तर तिथे उंची लिहिलेली: उणे ९९९ मीटर.

शेजारचा सिनियर खुर्चीतून न उठताच म्हणाला, "कुंपण आलंय ते."

खरंच कुंपण होतं. ती फाइल एमएक्स या रस्त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची होती. एमएक्समध्ये ज्या बिंदूची जागा माहीत आहे पण उंची मोजलेली नाही, त्याच्यापुढे उणे ९९९ लिहितात. त्या घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आणली, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आकडा खरा मानला आणि कुंपणाचा एक खांब जमिनीत किलोमीटरभर खाली रोवला. बाकीचा सगळा चढ-उतार पंधरा-वीस मीटरचा. एवढ्या खोलीपुढे तो सपाटच दिसणार.

त्याला आता सतरा वर्षं होतील. मी अजून तेच करते. रस्त्याचं डिझाइन करते असं लोकांना सांगते आणि ते खोटंही नाही, पण आठवड्यातले दोन दिवस तरी जमीन इकडून तिकडे नेण्यात जातात. सर्व्हेवाल्यांची जमीन एका फॉरमॅटमध्ये येते, आमचं डिझाइन दुसऱ्यात, क्लायंटला हवी असते तिसऱ्यात, आणि दहा वर्षांपूर्वीची जुनी जमीन चौथ्यात, ज्याचं लायसन्स आता कोणाकडेच नसतं. सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये ती डीडब्ल्यूजी फाइलच्या पोटात असते, ओपनरोड्समध्ये डीजीएनच्या, जुन्या इनरोड्समध्ये स्वतंत्र डीटीएम फाइल, जिओपॅकची टिन फाइल. घरी लेकीने एकदा विचारलं, "आई, जमीन फाइलमध्ये मावते कशी?" तेव्हा तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. नीट उत्तर द्यायचं तर असं द्यावं लागेल.

जमिनीला अंत नाही. एका ढेकळावरही हजार उंच्या मोजता येतील. म्हणून आपण काही बिंदू निवडतो आणि बाकीची जमीन त्यांच्यावरून ताणून बसवतो. १९५८ साली एमआयटीतल्या चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी 'डिजिटल टेरेन मॉडेल' हा शब्द छापला, तोही रस्त्याच्याच कामासाठी. मॅसॅच्युसेट्समध्ये रस्त्याची रेषा कुठून न्यायची आणि माती किती निघेल याचा हिशेब काँप्युटरकडून करून घ्यायचा होता. त्यांच्या व्याख्येचा गाभा एवढाच, की निवडलेल्या पुष्कळ बिंदूंच्या एक्स, वाय, झेड आकड्यांनी सलग जमीन दाखवायची. कॉलेजात मी ती व्याख्या पाठ केली तेव्हा माझं लक्ष 'पुष्कळ'वर होतं. त्यातला 'निवडलेल्या' हा शब्द मला फार उशिरा दिसला. तो कसा, ते पुढे येईलच.

बिंदू मिळाले की त्यांच्यात त्रिकोण विणायचे. तीन बिंदूंतून एकच सपाट पृष्ठ जातं, म्हणून त्रिकोण. आता घरचंच उदाहरण घ्या. एक शंकरपाळं आहे आणि त्याच्या चार टोकांवर चार उंच्या आहेत. दोन समोरासमोरची टोकं उंच, दोन सखल. या शंकरपाळ्याचे दोन त्रिकोण करायला मध्ये एक कर्ण काढायला हवा. उंच टोकं जोडलीत तर मधोमध वरंबा उठतो. सखल टोकं जोडलीत तर मधोमध सरी पडते. चारही आकडे तेच, फक्त घडी कुठे घातली त्यावर वरंबा की सरी ते ठरलं.

मग घडी कोण ठरवतं? सांगणारा कोणी नसला तर सॉफ्टवेअर ठरवतं. बोरिस डेलॉने या रशियन गणितज्ञाचा १९३४ सालचा नियम त्यासाठी वापरतात: त्रिकोणाच्या तीन कोनांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये. यातून त्रिकोण सुबक येतात, फार लांबट निघत नाहीत. पण हा नियम वरून, नकाशावर पाहतो. उंचीकडे तो ढुंकूनही बघत नाही. उंचीचं शहाणपण बाहेरून द्यावं लागतं, आणि ते ब्रेकलाइनने देतात: हे बिंदू एकाच काठावरचे आहेत, यांना जोडणारी रेघ कुठल्याही त्रिकोणाने ओलांडू नये.

इंग्रजांच्या जुन्या मॉस प्रणालीबद्दल मला याच कारणाने आदर आहे. एमएक्स हे तिचंच पुढचं रूप. सत्तरच्या दशकात डरहॅम, नॉर्थँप्टनशायर आणि वेस्ट ससेक्स या काउंटी कौन्सिलांनी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांनी मिळून ती केली. त्यात आधी स्ट्रिंग, मग त्रिकोण. स्ट्रिंग म्हणजे एका जातीच्या बिंदूंची माळ: रस्त्याची कड एक माळ, गटाराचा तळ दुसरी. प्रत्येक माळेला चार अक्षरांचं नाव, आणि पहिल्या अक्षरावरून तिचं कुळ कळायचं. एम म्हणजे मास्टर, जी म्हणजे जिओमेट्री, पी म्हणजे सुटे बिंदू. त्यांची जेनिओ नावाची साध्या मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडून नुसती नावं वाचली तरी डोळ्यांपुढे रस्ता उभा राहायचा. सुरुवातीला मला ते फार मागासलेलं वाटलं होतं. चार अक्षरांत कसली नावं ठेवता, असं वाटायचं. पुढे बेंटली या सॉफ्टवेअर कंपनीने २००३ साली एमएक्स बनवणारी कंपनी घेतली, आणि आता त्यांच्याकडेही नवं काम सगळं ओपनरोड्समध्ये.

या सगळ्या सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलावं म्हणून लँडएक्सएमएल हा सामायिक फॉरमॅट आला. २००२ साली त्याची पहिली आवृत्ती, २००८ साली १.२, आणि आम्ही आजही तीच वापरतो. त्यात जमिनीचे दोन कप्पे असतात. एकात कच्चा माल: बिंदू, ब्रेकलाइन, हद्दी. दुसऱ्यात तयार माल: क्रमांक दिलेले बिंदू आणि कुठले तीन मिळून कुठला त्रिकोण त्याची यादी. काही सॉफ्टवेअर पहिला कप्पा भरतात, काही दुसरा, काही दोन्ही. वाचणाराही आपल्याला हवा तोच कप्पा उघडतो. शिवाय लपवलेल्या त्रिकोणांवर 'हा दाखवू नका' अशी खूण असते, तिच्याकडे काही सॉफ्टवेअर काणाडोळा करतात. मग हद्दीबाहेरचे कापून टाकलेले त्रिकोण परत उगवतात आणि वळणावरचा रस्ता जाळ्यात अडकलेल्या माशासारखा दिसतो.

लँडएक्सएमएलमध्ये नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, आधी लिहितात, ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचं, नंतर. हे विसरून कोणी सुटे आकडे काढून घेतले की जमीन आरशात पाहिल्यासारखी उलटी होते. पुण्यातला एक चौक मी असाच विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात नेऊन ठेवलेला आहे. ही चूक मात्र मला आवडते, कारण ती लगेच दिसते.

न दिसणाऱ्या चुकांचं वाईट. यूटीएम या जगभरच्या नकाशा-पद्धतीत पुण्याचं नॉर्दिंग साधारण २० लाख ४८ हजार मीटर. एखादं मधलं सॉफ्टवेअर आकडे काटकसरीने, सिंगल प्रिसिजनमध्ये साठवत असेल तर एवढ्या मोठ्या आकड्यांच्या आसपास त्याला साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच मोजता येतं. नाशिकला आणखी उत्तरेला गेलात की पायरी २५ सेंटिमीटरची. तिरकी भिंत करवतीसारखी दातेरी दिसू लागली की समजायचं. त्यावर इलाज म्हणजे सगळ्या आकड्यांतून २० लाख वजा करून काम करणं. ते वजा करणारा माणूस मग नोकरी सोडतो, आणि वजा केल्याचं कुठेही लिहिलेलं नसतं.

आता नाल्याकडे येते. एवढा वेळ टाळत होते, कारण त्यात चूक माझी आहे.

काम विदर्भातलं, यवतमाळकडचं. रस्ता रुंद करायचा, जुन्या मोऱ्या काढून नव्या बांधायच्या. सर्व्हे करणारे काका तिकडचेच, साठीला टेकलेले. डंपी लेव्हल या उंची मोजायच्या जुन्या दुर्बिणीवर हात बसलेला, टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र नंतर शिकले. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. माझ्या वयाची मुलगी आहे त्यांना, तरी मॅडमच.

त्या भागात जमीन न्यायची म्हणजे आणखी एक भानगड. ७८ अंश पूर्व रेखांश तिथूनच जातो आणि तो यूटीएमच्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची शीव आहे; प्रत्येक पट्ट्याची मोजणी वेगळी. अमरावती शहर ४३मध्ये, यवतमाळ ४४मध्ये. नेर सोडून यवतमाळच्या दिशेने निघालात की वाटेत कुठेतरी तुमचं ईस्टिंग आठ लाखांवरून एकदम दोन लाखांच्या आत येतं. शेताच्या बांधावर काहीही खूण नसते. शिवाय शिवेवर नकाशा ताणलेला असतो: नगरकडे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर ४० सेंटिमीटरने आखडतो, इथे तोच जवळजवळ ८० सेंटिमीटरने लांबतो. आमचे दोन आठवडे ह्यातच गेले. सगळं एका पट्ट्यात आणलं, जुळवलं, तपासलं. माझी सगळी सावधगिरी तिथेच संपली असावी.

कारण पुढची पायरी साधी होती. पुढच्या टीमला ती जमीन त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी होती. लँडएक्सएमएल फाइल जड झाली होती, त्यांच्याकडे उघडेना. शुक्रवारची संध्याकाळ. मी नुसते बिंदू टेक्स्ट फाइलमध्ये काढून पाठवले: नंबर, ईस्टिंग, नॉर्दिंग, उंची, कोड. त्यांनी ते भरले, त्रिकोण त्यांच्या सॉफ्टवेअरने विणले. सोमवारी मी त्यांच्याकडून आकडे मागवून माझी तपासणी केली. माझ्या कागदावर चार रकाने आहेत. बिंदूंची संख्या जुळली. सर्वांत उंच आणि सर्वांत सखल बिंदू जुळले. क्षेत्रफळ जुळलं. त्रिकोणांची संख्याही जुळली, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. मी चार बरोबरच्या खुणा केल्या.

यातली गंमत मला नंतर समजली. बिंदू तेच असतील आणि बाहेरची कड तीच असेल तर त्रिकोणांची संख्या बदलूच शकत नाही. बिंदूंची दुप्पट करा, कडेवरचे बिंदू वजा करा, आणखी दोन वजा करा; उत्तर तेवढंच येतं, घड्या कशाही घाला. शंकरपाळ्याचा कुठलाही कर्ण काढा, त्रिकोण दोनच. म्हणजे माझे चारही रकाने असे होते की घड्या पूर्ण उलट्या पडल्या तरी ते जुळलेच असते. सात-आठ वर्षं मी ती तपासणी करत होते आणि नव्या मुलांनाही शिकवत होते.

दहा दिवसांनी काकांचा फोन आला. साइटवर मोरीचा नकाशा पोचला होता, शेजारी कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा.

"मॅडम, हा नाला माहा नाई."

मला वाटलं, नालाच चुकीचा दाखवलाय. चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, विचारलं, ते बरोबर होतं.

"जागा बरोबर हाय. पण मी तं नाल्याच्या पोटातून चाललो होतो. तुमच्या कागदावर पाणी दर पंधरा मीटरले भिंत चढून राह्यलं."

मी मॉडेल उघडलं आणि कॉन्टूरचं अंतर कमी केलं. नाल्याच्या जागी डबक्यांची रांग होती. एकामागून एक बंद गोल, प्रत्येकाच्या मधे एक खड्डा, आणि दोन खड्ड्यांमध्ये काठापासून काठापर्यंत बांध. नाला जेमतेम चार मीटर रुंद, दोनेक मीटर खोल. काकांनी काठावरचे शॉट, म्हणजे मोजलेले बिंदू, चार-चार मीटरवर घेतले होते. पोटात पाणी आणि बाभळी, त्यामुळे तिथले शॉट पंधरा मीटरवर, जिथे पाय ठेवता आला तिथे. त्यांनी पोटातले बिंदू एका रेघेने जोडून दिले होते, दोन्ही काठही वेगवेगळे जोडले होते. त्या तीन रेघा मी पाठवलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये नव्हत्या. नव्या सॉफ्टवेअरला पोटातला पुढचा बिंदू पंधरा मीटरवर दिसला आणि समोरचा काठ चार मीटरवर. त्याने जवळचं धरलं. एका काठावरून दुसऱ्या काठावर त्रिकोण टाकत गेलं. मोरी नेमकी अशा एका बांधावर पडली होती, म्हणून तिचा तळ खऱ्या तळापेक्षा पावणेदोन मीटर वर आला होता.

कोडचा रकाना होता हो फाइलमध्ये. प्रत्येक बिंदूपुढे काकांनी काठ, पोट, बांध, सगळं लिहिलं होतं. पण त्यांचे कोड त्यांच्या पद्धतीचे, आणि समोर ते कोणी वाचलेच नाहीत. मॉसवाल्यांची चार अक्षरांची नावं मला त्या क्षणी आठवली.

नुकसान झालं नाही. खोदाई सुरू व्हायची होती. ब्रेकलाइनसकट फाइल परत पाठवली, तुकडे करून, म्हणजे उघडेल अशी. त्यांच्या जमिनीवर माझी जमीन ठेवून मधली माती मोजली. दोन पृष्ठं खरोखर सारखी असतील तर ती शून्य यायला हवी, आणि आली. हा पाचवा रकाना मी तेव्हा घातला. खरं तर पहिल्या चारांपैकी दोन काढून टाकायला हवे होते, पण ऑफिसात छापील फॉर्ममधून काही काढणं हे नवीन घालण्यापेक्षा अवघड असतं.

त्यानंतर साइटवर गेले तेव्हा जाताना वर्ध्यात मुक्काम केला आणि वाट वाकडी करून हिंगणघाटला गेले. तिथे विल्यम लँब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची बाजू, मोजली आणि त्रिकोणांवर त्रिकोण रचत देश मोजायला घेतला. थिओडोलाइट हे कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र टेकड्यांवर चढवत तो उत्तरेकडे येत गेला आणि २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाटात वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. त्रिकोणांच्या या माळेचा कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतचा महाकंस साधारण ७८ अंश रेखांशाच्या आसपासनंच जातो, म्हणजे ज्या शिवेने माझे दोन आठवडे खाल्ले तिच्याच शेजारून. पट्ट्यांची ती शीव आखणाऱ्यांच्या मनात लँब्टन नव्हता. जगाचे सहा-सहा अंशांचे काप करताना ती सहज तिथे पडली.

फॉरमॅटच्या भानगडी त्यांनाही चुकल्या नाहीत, ह्याचं मला उगाच बरं वाटतं. एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार फुटांत दिला. पुढे मीटर आले तेव्हा त्याचा फूट नेमका किती मीटरचा धरायचा यावर एकमत होईना. भारताने एक गुणोत्तर घेतलं, पाकिस्तानने दुसरं, त्याआधीचं तिसरं होतंच. एकाच माणसाच्या एकाच मोजमापाच्या निरनिराळ्या मीटर-आवृत्त्या झाल्या आणि जुन्या-नव्यांत पृथ्वीची त्रिज्या २० मीटरहून जास्त हलली. माझ्या नाल्याचे पावणेदोन मीटर त्यापुढे काय!

कबरीपाशी फार वेळ थांबले नाही. ऊन होतं आणि काका साइटवर वाट पाहत होते.

नाल्यावर पोचले तेव्हा त्यांनी मला काठावरून खाली उतरवलं. चपला हातात घ्यायला लावल्या. शॉट कुठे घेतले ते पायाने दाखवत पुढे चालले. एका ठिकाणी पोटातले दोन बिंदू बरेच लांब लांब होते, पंचवीस मीटर तरी. मी विचारलं, "काका, इथे मधे एक घेतला नाहीत?"

"इथं तळ खडकाचा हाय मॅडम, सरळ उतरते. कायले घ्याचा?" मग चार पावलं पुढे जाऊन एका वळणावर थांबले. तिथे त्यांनी दोन मीटरात तीन बिंदू घेतले होते. "हे पाहा, इथून पाणी पडते. पावसाळ्यात धबाबा आवाज येते."

मॉडेलमध्ये ते तीन बिंदू मला दिसले होते. एकमेकांच्या इतके जवळ, की चुकून दुबार आलेत असं वाटून मी त्यातले दोन काढून टाकण्याच्या बेतात होते. जड फाइली हलक्या करणारी आमची कमांड तर असे बिंदू आपणहून गाळते. मी काकांना ते सांगितलं नाही.

आता ते फाइलबरोबर व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. बॉलपेनने काढलेला नाला, पाण्याच्या दिशेचा बाण, आणि बारक्या अक्षरात 'खडक', 'पडते', 'बाभूळ मोठी'. परवाच्या फोटोत कोपऱ्यात एक चौकोन काढून आत विहीर लिहिलं होतं आणि पुढे उंचीच्या जागी फुली. मी फोन केला, "काका, विहिरीची लेव्हल?"

"काठाची घेतली. तळाची नाई घेतली, दोरी पुरली नाई. तुमचं ते उणं नऊशे नव्व्याण्णव टाका."